साडेबासष्ट किलो

व्यंकटराव सोनकांबळे यांचा जगातल्या कुठल्याही काट्यावर विश्वास नव्हता, आणि तसं होण्याला कारण होतं. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी बत्तीस वर्षं काढली होती. देगलूरला पारड्याखाली चिकटवलेली चिंच त्यांनी पकडली. किनवटला आतून पोखरून मेण भरलेली वजनं पकडली. नायगावच्या बाजारात तर पायाच्या अंगठ्याने पारडं दाबणाऱ्या माणसाला त्यांनी अंगठ्यासकट पकडलं होतं. एवढं पाहिल्यावर माणूस संत तरी होतो नाही तर संशयी. व्यंकटराव संत झाले नाहीत.

शेवटची बदली लातूरला झाली होती, निवृत्त होऊन ते तिथेच स्थायिक झाले, पण सवय काही निवृत्त झाली नाही. पंपावर पेट्रोल भरताना ते आकड्याकडे न बघता पाइपाकडे बघत. डॉक्टरने रक्तदाब सांगितला, की या यंत्राची शेवटची तपासणी कधी झाली, असं ते विचारत. डॉक्टरने मग त्यांचा रक्तदाब घेणंच बंद केलं होतं, आणि तब्येत उत्तम आहे असं तोंडी सांगून तो त्यांची बोळवण करायचा.

नशीब असं, की या माणसाच्या बरोबर समोर विरूपाक्ष यांचं किराणा दुकान होतं. व्यंकटराव गेली बारा वर्षं त्याच दुकानातून किलोभर साखर आणत आणि घरी स्वतःच्या काट्यावर तोलत. ती प्रत्येक वेळी चाळीस-पन्नास ग्रॅम जास्तच भरे. विरूपाक्षांची रीतच तशी होती. माल तोलून झाला, की पिशवीचं तोंड बांधायच्या आधी ते वरून मूठभर घालायचे. "बापानं सांगून ठेवलंय साहेब, वरचं तोलायचं न्हाई," असं म्हणायचे. दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. व्यंकटरावांचा संशय मात्र पक्का झाला. जो माणूस इथे जादा देतो तो दुसरीकडे कुठेतरी काढत असणारच. कुठे, ते बारा वर्षांत सापडलं नव्हतं, आणि सापडत नव्हतं म्हणूनच तो मोठा कारागीर असला पाहिजे, अशी व्यंकटरावांची खात्री झाली होती.

तर अशा या दोन घरांत एकेक मुलगी होती. व्यंकटरावांची लुंबिनी, विरूपाक्षांची अंजू. दोघी एकाच कॉलेजात, एकाच क्रीडा संकुलात उमाशंकर सरांकडे बॉक्सिंग शिकायच्या, एकाच स्कूटीवर जायच्या. मार्चमध्ये दोघी राज्य स्पर्धेला गेल्या आणि दोघींनी सुवर्णपदक आणलं. लुंबिनीने पन्नास किलोच्या गटात, अंजूने पंच्याहत्तरच्या. कॉलनीने सभागृहात दोघींचा सत्कार ठेवला, एकाच व्यासपीठावर, एकाच मापाचे हार आणून. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं.

घोळ केला तो गुंडप्पा मास्तरांनी. मास्तरांनी चाळीस वर्षं गणित शिकवलं होतं, आणि कुठलाही प्रश्न अर्धवट सोडलेला त्यांना खपत नसे. आभार मानायला म्हणून ते उठले, पोरींचं कौतुक केलं, आणि बसता बसता म्हणाले, "पण समजा, दोघींची एकमेकींशी लावली तर?"

त्या क्षणापासून सभागृहात दुसरा विषय उरला नाही. जिकडे बघावं तिकडे दोन तट. कोणी म्हणे, वजन ते वजन, अंजूचा एक ठोसा पुरे. कोणी म्हणे, ठोसा लागायला माणूस जागेवर तर पाहिजे, लुंबिनी हाताला लागायची नाही. एसटीतून निवृत्त झालेल्या एका चालकाने सांगितलं, की एसटी आणि रिक्षा समोरासमोर आल्यावर कोण जिंकतं हे त्याने तीस वर्षं बघितलं आहे. व्यंकटरावांनी त्याला ऐकवलं, की रिक्षा गल्लीतून निघूनही जाते, एसटीला वळायला मैदान लागतं. टाळ्या पडल्या. टाळ्या ही फार वाईट गोष्ट असते. निरीक्षकाला नोकरीत त्या कधी मिळत नाहीत, त्यामुळे त्या पचवायची सवय नसते. त्या भरात व्यंकटराव म्हणून गेले, की तिसऱ्या फेरीला माझी पोरगी उभी असेल आणि यांची बसलेली.

विरूपाक्ष आतापर्यंत हसत होते. ते हसायचे थांबले.

"मग होऊन जाऊ द्या की साहेब," ते म्हणाले.

"होऊ द्या," व्यंकटराव म्हणाले.

झालं. चाळीस लोकांनी ऐकलं होतं. दोघी पोरींना कोणी विचारलं नाही. त्या मागच्या रांगेत बसून सत्काराचे पेढे खात होत्या, आणि अंजू लुंबिनीच्या वाट्याचेही खात होती. एवढी एक गोष्ट व्यंकटरावांनी त्या दिवशी नीट बघितली असती, तर पुढचं सगळं टळलं असतं.

उमाशंकर सरांनी ऐकल्याबरोबर कपाळाला हात लावला. वजनगट केलेत ते कुणाचं डोकं फुटू नये म्हणून, असं त्यांनी दोघांना समजावलं. घरी येताना व्यंकटरावांच्या लक्षात आलं, की सरांचा महिन्याचा किराणा विरूपाक्षांकडून जातो. म्हणजे अंजू हरेल याची त्या बाजूला धास्ती आहे, सरांना पुढे केलं आहे. तिकडे विरूपाक्षांनी बायकोला, नीलम्माला, सांगितलं, की सर मूळचे नायगावचे, सोनकांबळे साहेबांच्या गावचे, तेव्हा हा सल्ला कुठून आला ते उघड आहे. सर बिचारे खरं बोलले होते, पण त्या आठवड्यात खऱ्याला कोणी विचारत नव्हतं.

रीतसर परवानगी हवी म्हणून दोघं बाप क्रीडा कार्यालयात गेले. तिथे मंजुश्री नावाच्या बाई होत्या. त्यांनी अर्ज दिला. पहिले सहा रकाने सरळ भरले गेले. सातवा रकाना होता 'वजनगट'. व्यंकटरावांनी पन्नास लिहिलं, विरूपाक्षांनी त्याच्या शेजारी पंच्याहत्तर लिहिलं. बाईंनी अर्ज परत केला. एका लढतीला एकच वजनगट, दोन लिहायची जागाच नाही. विरूपाक्षांनी अक्षर बारीक काढून बघू का असं विचारलं. बाई म्हणाल्या, अक्षराचा प्रश्न नाही, रकान्याचा आहे. व्यंकटरावांना हे मनापासून पटलं. बत्तीस वर्षं ते स्वतः लोकांना असंच परत पाठवत आले होते.

"दोघी एकाच गटात असल्या तर देते मी परवानगी," बाई म्हणाल्या. "त्रेसष्टचा गट बघा, मधला हाय."

विरूपाक्षांनी तिथेच उभ्या उभ्या हिशोब केला. पन्नास आणि पंच्याहत्तर, सव्वाशे. भागिले दोन, साडेबासष्ट. त्रेसष्टच्या आत. लुंबिनीने साडेबारा वाढवायचे, अंजूने साडेबारा उतरवायचे. दोघांना सारखाच त्रास, न्याय बराबर मधोमध. व्यापारी माणूस तुरीच्या दोन पोत्यांचा सौदा मिटवतो तसा त्यांनी पोरींचा मिटवला. व्यंकटरावांनी तो हिशोब दोनदा कागदावर मांडून पाहिला. त्यात कुठेही खोट सापडली नाही, आणि तेवढ्याने ते अस्वस्थ झाले. तरी सही केली. वजन करायचं सहा आठवड्यांनी, रविवारी सकाळी, विरूपाक्षांच्या दुकानात, पोती तोलायच्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर. लढत दुसऱ्या दिवशी.

संध्याकाळी लुंबिनीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पप्पा, त्याच्यानंतर पंधरा दिवसांनी माझी राष्ट्रीय शिबिराची निवड चाचणी हाय. पन्नासच्या वर एक ग्रॅम चालत न्हाई."

व्यंकटराव म्हणाले, वाढवलेलं उतरवता येतं. पोत्यात भरलं तसं काढायचं, त्यात काय. लुंबिनीने आईकडे पाहिलं. आई, म्हणजे चांगुणा, काही न बोलता तवा खरवडू लागली. बायको बोलत नाही आणि तवा खरवडते, याचा अर्थ संसारात मुरलेल्या कुठल्याही माणसाला कळतो. व्यंकटरावांचं लक्ष नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे ती तिसरी फेरी होती.

दुसऱ्या दिवसापासून घरात डिंकाचे लाडू सुरू झाले. तूप, खोबरं, खारीक, बदाम. एक लाडू पन्नास ग्रॅमचा, तोललेला. रोजचे सहा. लुंबिनी म्हणाली, घरी जात नाहीत, सरावानंतर भूक लागते, डब्यात द्या. डबा जाताना भरलेला असे, येताना चाटूनपुसून लख्ख. व्यंकटराव रोज झाकण उघडून बघत आणि समाधानाने मान हलवत. समोरच्या घरातून त्याच वेळी अंजूचा डबा निघे. त्यात उकडलेले मूग आणि काकडी. नीलम्मा तो डबा मुलीच्या हातात देताना पदराने डोळे पुसायची.

पहिला आठवडा संपला आणि व्यंकटरावांनी लुंबिनीला न्हाणीघरातल्या काट्यावर उभं केलं. एकोणपन्नास किलो नऊशे. काट्याचा दोष, म्हणून त्यांनी त्यावर दहा किलो पीठ ठेवलं. दहा किलोच भरलं. मग त्यांचा संशय तुपावर गेला. तूप मंजुश्री बाईंच्या भावाच्या डेअरीतलं होतं, हे कळल्यावर त्यांनी डेअरी बदलली. दुसऱ्या आठवड्यात पन्नास किलो शंभर. ते हरखले. तिसऱ्यात परत एकोणपन्नास आठशे. मग खारकांवर संशय आला, मग बदामावर, मग पोरीला जंत झाले असतील असं वाटून औषध आणलं. लुंबिनीने ते निमूट घेतलं. चांगुणाने एकदा विचारलं, की अवो, पोरीलाच विचारा की. त्यावर व्यंकटराव म्हणाले, की तिला बिचारीला काय कळतं, ती खाते तर आहे.

पण खरी झोप उडाली ती समोरच्या घराने. मूग आणि काकडी खाऊन अंजू काही बारीक होईना. सकाळी गच्चीत ती दोरीवरच्या उड्या मारायची, आणि व्यंकटराव खिडकीला लागून चहा पीत ऐकत असायचे. गच्चीचा आवाज पाच आठवड्यांत रतीभरही हलका झाला नाही. मूग खाऊन माणूस तसाच राहतो म्हणजे ते मूग नव्हेत, असा तर्क त्यांनी लावला. मग उलगडा झाला. विरूपाक्षांना पोरीचं वजन उतरवायची गरजच काय? काटा त्यांचा, दुकान त्यांचं. पंच्याहत्तरची पोरगी काट्यावर उभी करायची आणि काट्याने साडेबासष्ट दाखवायचं. बारा वर्षं जे कोडं सुटत नव्हतं ते सुटलं. साखर मूठभर जादा देऊन या माणसाने विश्वासाचं जे पीक घेतलं होतं, ते आता तो कापणार होता. व्यंकटरावांना इतका आनंद पदोन्नतीच्या दिवशीही झाला नव्हता.

ते तडक जुन्या कार्यालयात गेले. तिथे आता ईश्वरप्पा निरीक्षक होते. एके काळी ईश्वरप्पा व्यंकटरावांच्याच हाताखाली वजनं पुसायचे. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, आणि व्यंकटरावांनी तपासणीची वजनं मागितल्यावर चहा परत पाठवायच्या बेतात आले.

"साहेब, तुम्हीच शिकवलंय की आम्हाला. माणसं तोलायला सरकारी वजनं देता येत न्हाईत," ईश्वरप्पा म्हणाले. "अर्ज करून ठेवा, वर पाठवतो."

अर्जाखाली 'अर्जदार' असं लिहून सही करताना व्यंकटरावांचा हात जड झाला. या इमारतीत त्यांच्या सहीने दुकानांना सील लागत होतं, आणि आज शिपाई त्यांना रांगेत उभं राहायला सांगत होता. अर्ज वर गेला तो गेलाच. शेवटी परवानाधारक काटा दुरुस्तीवाल्याकडून त्यांनी वीस किलोची दोन छाप मारलेली लोखंडी वजनं आणली, रिक्षाने. रिक्षावाल्याने सामानाचं वेगळं भाडं सांगितलं. व्यंकटरावांनी नियम सांगितला. रिक्षावाल्याने वजनं रस्त्यावर ठेवली. मग व्यंकटरावांनी नियम मागे घेतला.

रविवारी सकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. गुंडप्पा मास्तर वही घेऊन पंच म्हणून बसले होते. उमाशंकर सर कोपऱ्यात पोत्यावर बसले होते, अंग चोरून. विरूपाक्षांनी काट्याला हळद-कुंकू लावलं होतं. व्यंकटरावांनी ते बोटाने खरवडून खाली काही नाही ना बघितलं.

आधी लुंबिनी चढली. एकोणपन्नास किलो आठशे. दुकानात कुजबुज झाली. विरूपाक्षांच्या चेहऱ्यावर हसू फुटतंय असं व्यंकटरावांना वाटलं. मग अंजू चढली. आता साडेबासष्ट दिसणार, आणि आपण मागून वजनं पुढे सरकवणार, असं त्यांनी मनाशी ठरवलेलं होतं.

आकडा थांबला. चौऱ्याहत्तर किलो नऊशे.

विरूपाक्षांचं फुटू घातलेलं हसू जागच्या जागी गेलं. नीलम्मा मटकन खाली बसली. सहा आठवडे डोळे पुसून तिने मूग उकडले होते.

व्यंकटराव क्षणभर गोंधळले, कारण लबाडी त्यांच्या अंदाजाप्रमाणे झाली नव्हती. पण लबाडी नाही असं तर होऊच शकत नाही. त्यांनी घसा साफ केला, काट्यात दोष असल्याचं खात्याच्या भाषेत जाहीर केलं, आणि वजनं काट्यावर ठेवायला लावली. वीस. चाळीस. आकडा चाळीस पूर्णांक शून्य शून्य शून्यवर जाऊन खिळ्यासारखा बसला. त्यांनी वजनं काढून पुन्हा ठेवली, कोपऱ्यात ठेवली, मधोमध ठेवली. चाळीस. बत्तीस वर्षांत इतका इमानदार काटा त्यांच्या हाताखालून गेला नव्हता. विरूपाक्षांचा चेहरा उतरला होता, आणि तो पोरीच्या वजनाने उतरला नव्हता.

"साहेब, बारा वर्षं तुम्ही माझी साखर घरी नेऊन तोलता," ते म्हणाले. "मला मालूम हाय. मी कधी बोललो का?"

व्यंकटराव पुन्हा खाली वाकून काट्याची तार बघायला लागले.

"काटा बराबर हाय पप्पा," लुंबिनी म्हणाली. "लाडू अंजूनं खाल्ले."

व्यंकटराव वाकलेलेच राहिले.

"आन् मूग हिनं," अंजू म्हणाली. "लाडू लई भारी होते काका. दुसऱ्या आठवड्यात तूप बदललं का तुम्ही? आधीचं चांगलं होतं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. डब्यांची अदलाबदल पहिल्या दिवसापासून चालू होती. सरांना माहीत होतं. चांगुणाला माहीत होतं, ती रोज सहा लाडू अंजूसाठीच वळत होती आणि अंजूला बदाम जास्त आवडतात म्हणून बदाम वाढवत होती. व्यंकटरावांनी तूप तपासलं, खारीक तपासली, गच्ची ऐकली, काटा तपासला. एका पोरीवर तेवढा त्यांनी संशय घेतला नाही, आणि नेमकी तीच त्यांना सहा आठवडे गंडवत होती.

गुंडप्पा मास्तरांनी वहीतून मान वर केली. प्रश्न त्यांच्या दृष्टीने अजून अर्धवटच होता. "मग लढतीचं काय?" त्यांनी विचारलं.

"रोजच तर लढतो," अंजू म्हणाली. "सराव संपला की पंधरा मिनिटं. दोन वर्षं झाली."

उमाशंकर सरांनी पोत्यावरून मान डोलावली. दुकानातला प्रत्येक माणूस एक पाऊल पुढे आला. दोघं बापही आले.

"कोण जिंकतं?" मास्तरांनी विचारलं.

पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. "ते आम्हाला मालूम हाय," लुंबिनी म्हणाली. "तुम्हाला सांगितलं तर तुम्ही परत वजनं घेऊन याल."

लोक पांगले. रिक्षा मिळाली नाही म्हणून दोन्ही वजनं व्यंकटरावांना एकेक करून स्वतःच्या ओट्यापर्यंत न्यावी लागली. दुसरं वजन उचलायला विरूपाक्षांनी हात दिला. दोघंही एकमेकांकडे न बघता चालले, आणि माफी मागायची जी दोन-चार वाक्यं व्यंकटरावांनी जुळवली होती ती वजनाखाली दम लागल्याने तोंडातच राहिली.

ओट्यावर लुंबिनी हाताच्या पट्ट्या गुंडाळत बसली होती. व्यंकटराव शेजारी टेकले. त्यांनी विचारलं, की खरंच साडेबारा किलो वाढलं असतं, तर पंधरा दिवसांत उतरलं असतं का.

"न्हाई," ती म्हणाली.

"मग मला सांगायचं की नाही."

"सांगितलं होतं पप्पा. तुम्ही पोत्याचं उदाहरण दिलं."

चाळीस लोकांच्या टाळ्यांसाठी आपण हिचं शिबिर घालवायला निघालो होतो, हे व्यंकटरावांना तेव्हा कुठे कळलं, आणि पोरीपुढे त्यांना लाज वाटली. चुकलं माझं, असं ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत असल्यामुळे ते जरा खात्याच्या पत्रासारखं निघालं. लुंबिनीने ते मान्य केलं आणि पट्टीचं दुसरं टोक धरायला त्यांच्या हातात दिलं.

सोमवारी सकाळी चांगुणा स्वयंपाकघरात आली, तर व्यंकटराव लाडवांचा डबा उघडून बसलेले. आता कशाला, तिने विचारलं. ते म्हणाले, की त्या पोरीला पंच्याहत्तरच्या गटात राहायचं आहे, एकदम बंद केले तर सत्तरमध्ये घसरेल, आणि तूप मी कालच जुन्या डेअरीतून आणलं आहे. चांगुणाने विचारलं, की तुम्हाला तिच्या वजनाचं कधीपासून पडलं.

व्यंकटरावांनी एकेक करून सहा लाडू काट्यावर ठेवले. तीनशे ग्रॅम, बरोबर. डबा भरला. झाकण लावता लावता थांबले, दाराकडे एकदा बघितलं, आणि वरून अजून एक लाडू घातला. तो मात्र त्यांनी तोलला नाही.